आतल्या खोलीतलं ताट

ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात दोन गाड्या उभ्या असत. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींच्या टपावर शिकाऊ गाडीची पाटी आणि दोन्हींचे बंपर शिकणाऱ्यांच्या कृपेने ठिकठिकाणी चेपलेले. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक वेगळा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घाबरून भलतंच पेडल दाबलं, तर शेजारी बसलेल्याने गाडी थांबवायची. हे काम मालकांचा मुलगा करायचा. त्याला सगळे ब्रेकदादा म्हणत. समोरून ट्रक अंगावर आला तरी याचा आवाज चढत नाही, याचं शिकणाऱ्यांना मोठं कौतुक होतं. बायका तर आपल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या.

मालकांना गल्लीत सगळे सर म्हणत. दूधवालाही सर म्हणे आणि ज्यांना गाडी कधीच जमली नाही तेही सर म्हणत. सर खालच्या वर्गात फळ्यावर रस्त्याच्या खुणा शिकवायचे आणि वर्ग हसता ठेवायचे. माणूस दिलदार होता. एखाद्याला परीक्षेत अपयश आलं तर त्याला चहा पाजून पाठीवर थाप मारणारा. त्यांच्या तोंडून वाईट शब्द कुणी ऐकला नव्हता.

घर वरच्या मजल्यावर होतं. तिथे सर, त्यांची बायको, मुलगा आणि सून अशी चार माणसं राहत. जेवणाचं टेबल चौघांचं. आणि त्या टेबलाचा एक नियम होता: पडलेल्या तोंडाने इथे बसायचं नाही. कुणाचं काही बिनसलं असेल, रडू येत असेल, राग आला असेल, तर त्याने आपलं ताट उचलून आतल्या खोलीत जायचं, तिथे जेवायचं आणि तोंड सरळ झालं की बाहेर यायचं. आतल्या खोलीत इस्त्रीचं टेबल, कपड्यांचं कपाट आणि एक स्टूल होतं. टेबलावर कायम कपड्यांचा ढीग असल्यामुळे ताट मांडीवर घेऊन जेवावं लागे.

वाचकांनी लगेच सरांना खलनायक ठरवू नये. या घरात मारझोड नव्हती, दारू नव्हती, सुनेला टोमणे नव्हते. सरांचे वडील फार तापट आणि घुमे होते. त्यांचं बिनसलं की भरलेलं ताट भिंतीवर जायचं आणि सगळी भावंडं उपाशी झोपायची. आपल्या घरात कुणालाही कुणाच्या तोंडाकडे बघत भीतभीत जेवावं लागू नये, एवढ्यासाठीच सरांनी हा नियम केला होता. आपण पोरांना केवढं सुख दिलं, असं त्यांना मनापासून वाटायचं. चांगल्या माणसाने चांगल्या हेतूने केलेला जाच असा असतो, की त्याच्याविरुद्ध तोंड उघडायलाच लाज वाटते.

सून लग्न होऊन आली त्याच महिन्यात तिला हा नियम कळला. ती एका कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसायची. लोक दिवसभर तिच्यावर ओरडायचे आणि ती "आपली गैरसोय झाली, क्षमस्व" म्हणायची. एकदा वरिष्ठांनी सगळ्यांसमोर तिला झापलं. ती घरी आली ती डोळे पुसतच. सरांनी तिचं ताट स्वतः वाढलं, तिच्या हातात दिलं आणि मायेने म्हणाले, "जा बेटा, आत निवांत जेव. हसू आलं की ये."

तिला वाटलं, मामंजी गंमत करताहेत. ती हसलीसुद्धा. "आलं बघा," असं म्हणून सरांनी तिला खुर्ची दिली, आणि झापलं का, कुणी झापलं, हे तिला कुणीच विचारलं नाही. पुढे तीही शहाणी झाली. घराच्या जिन्याला शेवटी एक वळण होतं. त्या वळणावर सगळेच क्षणभर थांबायचे, तोंड नीट करायचे आणि मग दार उघडायचे. कुणी कुणाला हे सांगितलं नव्हतं. पण सगळ्यांना जमत होतं.

ब्रेकदादाला तर लहानपणापासून जमत होतं.

दुसऱ्या गाडीवर त्याचा मित्र होता. शाळेपासूनचा. मोठ्याने हसणारा, क्लचला शिव्या देणारा, दुपारी गाडीत सीट मागे टाकून घोरणारा. गेल्या वर्षी भर दुपारी तो असाच झोपला आणि उठला नाही. हृदय बंद पडलं होतं. ब्रेकदादा त्याला उठवायला गेला होता, आधी त्याने नाक दाबून चेष्टा केली होती.

दोन संध्याकाळी तो आतल्या खोलीत जेवला. तिसऱ्या संध्याकाळी बाहेर येऊन बसला. सर म्हणाले, "शाब्बास. त्याच्या तुकडीतली मुलं उद्यापासून तूच घे. कामात मन रमेल." त्याने मुलं घेतली. काम चोख केलं. मन रमलं की नाही, हे मात्र कुणी पाहिलं नाही, कारण तोंड सरळ होतं.

त्यानंतर हळूहळू सगळंच थांबलं. त्याला दुःख होत होतं असं म्हणावं, तर तेही नाही. दुःख असतं तर कुठेतरी टोचलं असतं. तो सकाळी उठायचा, दाढी करायचा, दिवसभर गाडीत बसायचा, संध्याकाळी जिन्याच्या वळणावर ओठ ताणायचा. टीव्हीवर क्रिकेटचा सामना लागलेला असायचा आणि तो बघत असायचा, पण कोण जिंकलं हे विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही. बायकोने हात धरला तर तो हात तसाच धरू द्यायचा. एकदा घाईत आई भातात आणि भाजीत, दोन्हींत मीठ घालायला विसरली. तिघांनीही पहिल्या घासाला तोंडं वाकडी केली. ब्रेकदादाने सगळं ताट संपवलं होतं. "अरे, अळणी आहे ते!" आई म्हणाली. "हो का?" तो म्हणाला आणि हसला. सरांनी त्याच्या पोटभर जेवण्याचं कौतुक केलं. सुनेला मात्र त्या दिवशी नीट जेवण गेलं नाही.

तिने एकदा विचारून पाहिलं. "काय होतंय तुला?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही." तो खरं तेच सांगत होता. पण या घरात "काही नाही" हे उत्तर इतक्या वेळा दिलं गेलं होतं की त्यात काही सांगितलं जातंय, हे तिच्याही लक्षात आलं नाही. दिवसभर शंभर जणांच्या तक्रारी ऐकणाऱ्या बाईकडून शेजारी झोपणाऱ्या माणसाची तक्रार ऐकायची राहून गेली.

मग एका दिवशी गाडीवर एक फुलवाली होती. चौकात तिचं फुलांचं दुकान होतं आणि आता माल आणायला स्वतःची छोटी व्हॅन घ्यायचं तिने ठरवलं होतं. घरच्यांचा विरोध होता. "तू आणि गाडी!" असं म्हणून नवरा आणि दीर पोट धरून हसले होते. म्हणून ती इरेला पेटून शिकत होती. हात बरा बसला होता, फक्त अचानक काही समोर आलं की ती गडबडायची.

"दादा, आज बाजाराच्या रस्त्याने घेऊ या का? रोज त्याच मैदानाला चकरा मारून गाडीलाही भोवळ आली असेल."

"घ्या."

"तुम्ही नाही असं कधी म्हणतच नाही हो. आमच्या ह्यांना पाठवते तुमच्याकडे, थोडं वळण लागेल."

तो हसला. हसायची जागा आली की ओठ आपोआप हलायचे.

बाजाराच्या वळणावर एका बोळातून सायकलवर एक म्हातारा रंगारी बाहेर आला. हँडलला दोन्हीकडे रंगाचे डबे लटकवलेले, पाठीमागे ब्रशांची जुडी. फुलवालीने त्याला पाहिलं आणि ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला. ब्रेकदादानेही त्याला पाहिलं. डबे दिसले, डब्यांवरून ओघळलेला पांढरा रंग दिसला, म्हाताऱ्याने वळून बघितलं तेही दिसलं. त्याचा पाय ब्रेकवरच होता. आता दाबायचा, हेही त्याला कळलं. पण ते कळणं पायापर्यंत गेलंच नाही. फुलवाली किंचाळली, तिने जीव खाऊन स्टिअरिंग फिरवलं, गाडीने सायकलचं मागचं चाक उडवलं आणि बाजूच्या वाळूच्या ढिगावर जाऊन थांबली.

रंगारी वाचला. मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. रस्त्यावर पांढरा रंग पसरला आणि धावत आलेल्या लोकांच्या चपलांना लागून दूरपर्यंत गेला. कुणीतरी म्हाताऱ्याला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. फुलवाली वाळूतच बसली होती. तिचे दात वाजत होते.

"दादा, ब्रेक का नाही मारलात?"

"मला दिसला तो."

"मग?"

"काही वाटलंच नाही."

"वाटलं नाही? अहो, मेला असता म्हातारा!"

"हो," तो म्हणाला.

ती संतापून उठली, दोन शब्द सुनवायला म्हणून त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि गप्प झाली. अपघाताची तिला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी त्या तोंडाची वाटली.

सर आले. सरांनी सगळं हातात घेतलं, जसं ते नेहमी घ्यायचे. दवाखान्यात माणूस पाठवला, गाडी ओढून आणवली, पोलीस चौकीत जाऊन आले. संध्याकाळी टेबलावर ताटं मांडली गेली तेव्हा त्यांचा आवाज रोजच्यासारखाच मोकळा होता.

"चला, थोडक्यात निभावलं. चौकीत मी सांगून आलोय, बाईंनी चुकीचं पेडल दाबलं. शिकाऊ माणसाकडून असं होतंच. उद्या तू जाऊन तेवढंच सांग. आणि सकाळची तुकडी तूच घ्यायची. गाडी दारात उभी राहिली तर लोक नाही नाही ते बोलतील."

"त्यांची चूक नव्हती बाबा," मुलगा म्हणाला. "त्या घाबरतात म्हणूनच मी शेजारी बसतो. ब्रेक मी मारला नाही."

"पाय अडकला असेल."

"पाय ब्रेकवरच होता. मला काही वाटलं नाही. आताही वाटत नाहीये." तो भात कालवत सांगत होता. "बरेच महिने झाले. तो गेल्यावर आधी वाईट वाटायचं, मग तेही बंद झालं. उद्या कुणी गाडीसमोर आलं तर पुन्हा असंच होईल. मी स्वतः गाडीसमोर उभा असलो, तरी मला काही वाटणार नाही."

सुनेच्या अंगावर काटा आला. तिला शेवटचं वाक्य कळलं होतं.

त्याने मोठं धैर्य दाखवलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. बापाचा धाक वाटायलाही आत काहीतरी जागं असावं लागतं, आणि त्याच्या आत तेही उरलं नव्हतं. म्हणूनच त्या टेबलावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोललं गेलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाले, "आत जाऊन जेव."

ते रागावले नव्हते. मुलाला काय म्हणावं हे त्यांना सुचेना, आणि आयुष्यभर जे म्हणत आले तेच तोंडातून बाहेर पडलं. मुलगा लगेच उठला. त्याने ताट उचललं आणि शहाण्या मुलासारखा चालू लागला. ते आज्ञाधारक चालणं बघून सुनेला हुंदका फुटला. ती खुर्ची सारून उठत होती, तोवर सासूबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

त्या घरात सासूबाईंचा आवाज कमी ऐकू यायचा. भाजी वाढू का, गॅस बंद केलास का, एवढंच. त्यांनी मुलाच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"इथे बस."

"अगं, पण त्याचं तोंड..." सर म्हणाले.

"तेच तोंड घेऊन बसेल तो. मला बघायचंय ते." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आपली मुलगी गेली तेव्हा मी आत जेवायचे. आठवतं तुम्हाला?"

सुनेने चमकून पाहिलं. या घरात एक मुलगी होऊन गेली, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"थोडे दिवस जेवलीस," सर म्हणाले. "मग बरी झालीस."

"बरी कुठली होते! कपाटाच्या आरशात हसून बघितलं, नीट जमतंय असं वाटलं, आणि बाहेर आले. तुम्ही किती खूश झालात! मला म्हणालात, आता घर घरासारखं वाटतं. त्या दिवसापासून आजपर्यंत तिचं नाव या टेबलावर निघालं नाही. हा तेव्हा एवढासा होता, बहीण कुठे गेली म्हणून विचारायचा. मी त्याला सांगितलं, बाबांसमोर विचारू नकोस, आत जावं लागेल." त्यांचा आवाज फाटला. "मीच शिकवलं त्याला. चांगलं शिकला."

 सरांची हनुवटी थरथरत होती आणि ती त्यांना आवरता येत नव्हती. थोड्या वेळाने ते उठले. आपलं ताट त्यांनी दोन्ही हातांत धरलं आणि आतल्या खोलीकडे निघाले. त्या माणसाचा प्रामाणिकपणा असा, की नियम त्याने स्वतःलाही लावला.

"बसा हो," बायको म्हणाली. "कुठे चाललात? बसा."

ते बसले. चौघंही बसले. भात गार झाला होता. कुणी कुणाला हसवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाड्या निघाल्या नाहीत. सुनेने कामावर कळवलं, नवरा आजारी आहे. काय झालंय, असं पलीकडून विचारलं तेव्हा ताप, पोट, पाठ असं काहीबाही तिच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "मनाचा आजार आहे. त्याला डॉक्टरांकडे नेतेय." पलीकडे शांतता पसरली. दुसऱ्याच्या शांततेवर काय बोलायचं, हे तिला नोकरीत शिकवलेलं होतं. या वेळी ती बोलली नाही.

डॉक्टरीणबाई फारसं बोलल्या नाहीत, विचारत राहिल्या. झोप कशी लागते, चव लागते का, जगू नये असं वाटतं का. शेवटच्या प्रश्नाला तो "हो" म्हणाला, वेळ विचारल्यावर सांगावी तसं. सुनेने त्याचा हात घट्ट धरला. हा आजार आहे, त्याला औषध आहे, बोलणं हाही त्याचा उपचार आहे, वेळ लागेल, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही, गाडी चालवू द्यायची नाही, असं बाईंनी सांगितलं. हे सगळं एक वर्ष आधी सांगता आलं असतं. कुणी विचारायला आलं नव्हतं.

सर त्याच दिवशी चौकीत जाऊन आपला शब्द मागे घेऊन आले. मग रंगाऱ्याकडे गेले आणि शेवटी फुलवालीकडे. तिच्या दुकानात तेव्हा तिचा दीर बसलेला होता. सर त्याच्यादेखत म्हणाले, "बाई, तुम्ही स्टिअरिंग फिरवलंत म्हणून माणूस वाचला. चूक आमच्या गाडीची होती. माझा मुलगा आजारी आहे आणि ते मला दिसलं नाही." फुलवालीने त्यांना बसायला बादली पालथी घालून दिली. म्हणाली, "सर, त्यांना आणा कधी इथे. काम नका सांगू, नुसते बसू देत."

गावभर व्हायचं ते झालं. वेड्याच्या गाडीत आमची मुलगी बसणार नाही, असं म्हणून काही जण निघून गेले. काही जण सहानुभूती दाखवायला आले आणि खिडकीतून त्याला बघून गेले. सरांचं तोंड त्या दिवसांत कितीदा पडलं, आणि तसंच घेऊन ते टेबलावर बसले. त्यांना ते जमत नव्हतं. मध्येच जुनी सवय उसळायची आणि ते एखादा विनोद करायचे. मग बायकोकडे बघून गप्प व्हायचे. आता तिथे मुलीचं नाव निघू लागलं होतं. ते निघालं की जेवण लांबायचं.

वाचकहो, तुमच्या घरी असा नियम नसेल. पण रडणाऱ्याला पाणी देऊन "आता पुरे" म्हणायला आपल्याला किती वेळ लागतो? "बाकी ठीक ना?" असं विचारताना आपण उत्तराची जागा मोकळी ठेवतो का? आतल्या खोल्या आपण सगळ्यांनीच बांधल्या आहेत. त्या घरातली नुसती डोळ्यांना दिसत होती, इतकाच फरक.

ब्रेकदादा बरा झाला का? अजून नाही. औषध सुरू आहे. एखाद्या दिवशी चहा गोड लागतो, एखाद्या दिवशी नाही. तो खाली वर्गात मागच्या बाकावर बसतो.

परवा नवी तुकडी आली. सरांनी फळा पुसला आणि खुणा काढायच्या आधी वर्गाकडे तोंड केलं. "गाडीत बसण्याआधी एक विचारतो, रोज विचारणार आहे," ते म्हणाले. "आज ज्याला बरं वाटत नाहीये, त्याने सांगायचं. कारण सांगायची गरज नाही. त्या दिवशी गाडी नाही, आणि त्याचा धडा बुडाला असं मी मानणार नाही."

वर्गात हसू फुटलं. सर हे असंच काहीतरी बोलतात, हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं. मग खिडकीपाशी बसलेल्या एका धिप्पाड माणसाने हात वर केला. तो गाडी शिकायला आलेला गवंडी होता. "सर," तो म्हणाला, "माझं काही खरं नाही आज." आणि एवढं बोलून त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, त्याने ते हाताने झाकलं. आता कुणीच हसत नव्हतं. सर खडू धरून उभे राहिले. पुढे काय करायचं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मागच्या बाकावरून ब्रेकदादा उठला. खिडकीपाशी गेला आणि गवंड्याच्या शेजारची खुर्ची ओढून तिच्यावर बसला.

"माझंही नाही," तो म्हणाला. "बसू आपण."

सर फळ्याकडे वळले. पहिली खूण जरा वाकडी आली, आणि ती त्यांनी पुसली नाही.